नवसाचा गूळ

सयाजीच्या बोटाची जखम भरून येईना, तेव्हाच खरं तर दुखणं घरात शिरलं होतं. लेथवर काम करताना लोखंडाचा कीस बोटात गेला, एवढंच निमित्त. असलं कंपनीत रोज कुणाला ना कुणाला होतंच. माणूस चिंधी गुंडाळतो आणि पुढच्या कामाला हात घालतो. पण हे बोट ठणकत राहिलं, सुजत राहिलं. कस्तुरा हळद भरी, कडुनिंबाच्या पाण्यानं धुई. जरा सुकल्यासारखं दिसे आणि पुन्हा पू धरे. त्याच दिवसांत सयाजीला तहानही फार लागायची. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी तळाला जाई. तो म्हणे, मशीनपुढं उभं राहून घशाला कोरड पडते. ती म्हणे, उन्हाळा आहे. दोघांचंही चुकत होतं.

सयाजी मूळचा चाकणच्या पलीकडच्या एका वाडीचा. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा धाकट्या भावाच्या हाती नांगर देऊन तो इकडं आला. हेल्पर म्हणून लागला आणि बघत बघत लेथ चालवणारा टर्नर झाला. पिंपळे गुरवात एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून खोली मिळाली, तिथं कस्तुरानं संसार मांडला. ती पवन मावळातली, चौथीपर्यंत शिकलेली. बोलायला कमी. तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, आणि जमेल त्या एकादशीला आळंदी, एवढा तिचा देवधर्म. त्याचा गाजावाजा नव्हता, पण त्यात खंडही नव्हता.

सयाजी उंचापुरा गडी, आणि गोडाचा मोठा भोक्ता. चहाबरोबर हातावर गुळाचा खडा लागायचा. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की पेढ्यांचं ताट फिरे, तेव्हा सगळे आधी त्याच्याकडं बघत. शेजारच्या मशीनवरचा खंडू त्याला म्हणे, "राव, तुझ्या अंगात रक्त नाही, काकवी आहे." सगळे हसत, सयाजीही हसे.

पंच्याहत्तर साली, ऐन दिवसपाळीत, डबा खाऊन उठताना त्याच्या छातीत कळ आली. घामानं शर्ट भिजला, डावा हात जड झाला. खंडूनं आणि इतरांनी त्याला उचलून कंपनीच्या गाडीत घातलं आणि पुण्याच्या इस्पितळात नेलं. कस्तुराला निरोप मिळाला तेव्हा ती शेतात खुरपायला गेलेली. मातीचे हात तसेच पदराला पुसून ती बसला उभी राहिली.

वॉर्डात डॉक्टर सहस्रबुद्धे म्हणून होते. सावकाश बोलणारे, समोरच्याला कळलं की नाही ते बघणारे. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हा हृदयविकाराचा झटका आहे, आणि त्याच्या जोडीनं रक्तात साखर फार वाढलेली आहे. कस्तुराला झटका कळला, साखरेचं कळेना. साखर तर चहात असते. ती रक्तात कशी जाईल?

डॉक्टरांनी तिच्या हातांकडं पाहिलं आणि विचारलं, "बाई, माहेरी बैल होते का?"

होते, म्हणाली.

"जुवानं बैलाचा खांदा सुजतो, तेव्हा काय करता?"

"जू ठेवत नाही. खांदा उतरेपर्यंत बैल दावणीला."

"तसंच. यांच्या काळजाला आतून जखम झाली आहे. तिच्याभोवती सूज आहे, हा बारीक ताप येतो तो त्या सुजेचाच. सूज येणं वाईट नाही, जखम सांधायला ती येतेच. पण ती वेळेवर उतरली पाहिजे. रक्तात साखर चढलेली असली की ती उतरत नाही, धुमसत राहते. मग जखम नीट भरत नाही." त्यांनी सयाजीच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडं बोट दाखवलं. "हे किती दिवस झाले असं आहे?"

कस्तुरा बोटांवर दिवस मोजायला लागली. बोट दिसत होतं म्हणून तिनं हळद लावली. आतलं काळीज कोण बघणार, त्याला हळद कोण लावणार?

साखर उतरवायच्या सुया सुरू झाल्या. आठवड्याभरात बोटाचा पू थांबला, खपली धरली. कस्तुरानं ते बोट रोज उलटसुलट करून पाहिलं. कुणी शंभर वेळा सांगून तिला जे पटलं नसतं, ते त्या खपलीनं पटवलं. साखर उतरली की जखम भरते. झालं. तिनं मनाशी गाठ मारली.

पण आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोण येतं? पाळी सुटली की कंपनीतली माणसं गणवेशातच यायची. केळी, मोसंबी, बिस्किटं. खंडूनं तर ग्लुकोजचा मोठा डबाच आणला आणि सगळ्या खात्याच्या वतीनं तिच्या हातात ठेवला.

"वहिनी, सकाळ-संध्याकाळ पाण्यातून द्या. ताकद येईल."

तिनं डबा घेतला, भाऊजी बसा म्हणाली, त्यांना बाहेरून चहा आणवला. ते गेल्यावर डबा पिशवीच्या तळाशी गेला. पुढं तो तिनं गोठ्यातल्या आटलेल्या गाईला पाण्यातून पाजला. खंडूला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या खात्याची वर्गणी गाईनं खाल्ली म्हणा की." ती म्हणाली, "गाईला लागू पडली, भाऊजी."

परक्याला असं टाळता येतं. घरच्याला कसं टाळणार?

सयाजीची आई मंजुळाबाई वाडीहून आली होती. तिनं लेकाला खाटेवर निपचित पाहिलं, आणि वॉर्डाच्या बाहेर येऊन वाडीच्या दिशेनं पदर पसरला. भैरवनाथाला तिनं नवस बोलला की लेक उठून बसू दे, त्याची गुळाची तुला करीन. तराजूच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ, आणि तो गूळ गावाला वाटायचा. पण या घराण्याची त्यात आणखी एक रीत होती. वाटून झाल्यावर एक ढेप घरी आणायची, आणि ती ज्याची तुला झाली त्यानंच संपवायची. दुसऱ्या कुणाला त्यातला कण द्यायचा नाही, दिला तर नवस पुरा होत नाही. सयाजीच्या आजाची तुला झाली होती, त्यानं ती ढेप खाल्ली आणि म्हातारा होऊन मेला, असं मंजुळाबाई सांगायची.

सयाजी घरी आला. जेवणाचं पथ्य, गोळ्या, आणि रोज लघवीची तपासणी. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळा राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटकरी झाला तर फार. हे काम देवघराच्या खोलीत कसं करायचं, म्हणून तिनं मागच्या पडवीत फळी ठोकली आणि तिथं दिवा ठेवला. शेजारणी नाकाला पदर लावून जात. एकीनं तर विचारलंच, काय गं कस्तुरा, आज काय शिजवलंस? कस्तुरा म्हणाली, नवऱ्याचं आयुष्य. मग पुन्हा कुणी विचारलं नाही.

रंग हिरव्यावर येऊन ठेपला होता. आणि एका आठवड्यात तो पिवळा झाला, मग विटकरी. कस्तुरा चक्रावली. भाकरी तीच, भाजी तीच, गोळ्या वेळच्या वेळी. चहा बिनसाखरेचा, तिच्या डोळ्यादेखत प्यायचा. तिनं औषधाची बाटली बदलून आणली. रंग विटकरीच.

डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून मंजुळाबाई लेकाला सकाळी गावातल्या देवळापर्यंत घेऊन जायची. एकदा तो जिभेखाली धरायची गोळी घरीच विसरला. कस्तुरा ती घेऊन धावत निघाली. देवळाच्या पायरीशी आली आणि तिथंच थांबली. सयाजी खांबाला टेकून बसला होता. आई त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालत होती आणि तो डोळे मिटून चघळत होता. म्हातारीच्या ओटीत कागदाची पुडी होती.

कस्तुरानं देवाला हात जोडले, नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवली आणि मागं फिरली. सयाजी खाली मान घालून बसला.

घरी आल्यावर मंजुळाबाईनंच विषय काढला. नवस फिटायला वेळ आहे, तोवर देवाला विसर पडू नये म्हणून रोज मूठभर गूळ ती देवापुढं ठेवत होती आणि प्रसाद म्हणून लेकाला देत होती. "देवाचा हाय त्यो. देवाचा गूळ कुनाला बाधत न्हाई," ती म्हणाली.

कस्तुराची पंचाईत इथंच होती. प्रसाद नाकारायचा नसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी आजारी असतानाही आईनं तिच्या जिभेवर अंगाऱ्याबरोबर साखर ठेवली होती. तिनं सासूला पडवीत नेलं आणि नळीतला विटकरी रंग दाखवला. मंजुळाबाईनं तोंड फिरवलं. असल्या घाणीत माझ्या लेकाचं बरंवाईट बघतीस का, म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सयाजीच्या छातीत पुन्हा कळ आली. या वेळी झटका नव्हता, पण पुन्हा इस्पितळ, पुन्हा ताप, पुन्हा सुया. डॉक्टर सहस्रबुद्धे रागावले नाहीत. गूळ कुणी दिला तेही त्यांनी विचारलं नाही. सासू-सून दोघी समोर उभ्या होत्या, दोघींकडं बघून ते म्हणाले, "आतली सूज अजून उतरलेली नाही. साखर अशीच राहिली तर पुढचा झटका यांना झेपणार नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही."

दोघींनी तेच वाक्य ऐकलं आणि दोघींनी त्याचा एकमेकींच्या उलट अर्थ घेतला. मंजुळाबाईच्या मते कळ आली ती नवस राहिला म्हणून. आता उशीर नको, हा घरी आला की पहिली तुला. कस्तुराच्या डोळ्यापुढं मात्र ती ढेप उभी राहिली. महिना-दीड महिना रोज गूळ, तोही एकट्यानं. ती ढेप संपेल तेव्हा माणूसही संपलेला असेल.

तिनं आधी नवऱ्याला विचारून पाहिलं. तुम्ही आईला सांगा, मी खाणार नाही म्हणून. सयाजी मशीनवर फोरमनशी भांडणारा माणूस, पण आईपुढं त्याची जीभ उचलत नसे. तो म्हणाला, "तिनं पदर पसरला गं माझ्यासाठी. तिला कसं नाही म्हणू?" आणि जरा थांबून, "आणि खरं सांगू? मलाही नकोसा नसतो."

"ते मला ठाऊक आहे," कस्तुरा म्हणाली.

मग तिनं भांडण काढलं नाही. नवस मोडायचा नाही, हेही तिचं पक्कं होतं. बोललेला नवस मोडून वाचलेलं कुंकू कपाळावर मिरवायचं तिच्या मनाला पटणारं नव्हतं. पण नवऱ्याच्या तोंडात गूळ जाऊ द्यायचा नाही, हेही तितकंच पक्कं. दोन्ही कसं जमायचं ते तिला कळत नव्हतं. भांडी घासताना, खुरपताना, गोळ्या मोजून देताना ती तेच घोळवत राही. देवापुढं बसली की म्हणे, वाट तू दाखव, चालायचं मी बघते.

इस्पितळातून सुटका झाल्यावर खंडूनं कुणाचा तरी टेम्पो मिळवला आणि सयाजीला गादीवर बसवून सगळे वाडीला गेले. भैरवनाथाच्या देवळापुढं कडुनिंबाला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात सयाजीला बसवलं, दुसऱ्यात ढेपा चढल्या. दुखण्यानं तो इतका उतरला होता की गावातल्या म्हाताऱ्यांनी मोजून आणलेल्या ढेपांतल्या दोन उरल्या. ते बघून कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. कधीकाळी याच गड्यासाठी ढेपा कमी पडल्या असत्या. काटा बरोबर आला, गुरवानं घंटा वाजवली, पोरंटोरं गुळाभोवती गोळा झाली.

गुरवानं पहिली मूठ देवापुढून उचलली आणि मंजुळाबाईच्या ओंजळीत दिली. ती लेकाकडं वळली. सयाजीनं सवयीनं तोंड उघडलं.

कस्तुरानं मध्ये हात धरला. उजवा तळहात पसरून, डावा हात त्याच्या खाली, प्रसाद घेताना धरतात तसा.

"आत्याबाई, मला द्या."

मंजुळाबाईला कळेना. बायाबापड्या कुजबुजायला लागल्या. कस्तुरानं हात तसाच धरून ठेवला.

"पूजेला बसताना मी ह्यांच्या हाताला नुसता हात लावते, तर निम्मं पुण्य माझं होतं. मी न मागता होतं. मग ह्यांचा प्रसाद माझ्या तोंडात गेला तर तो ह्यांना पोचत नाही का? नवस तुमचा आहे, मी मोडणार नाही. ढेपसुद्धा घरी नेऊ. कण वाया घालवणार नाही, परक्याला देणार नाही. पण खाईन मी."

कुणीतरी मागून म्हणालं, रीत मोडते. मंजुळाबाईनं गुरवाकडं पाहिलं. गुरव म्हातारा होता, त्यानं कानावरची टोपी सारखी केली. त्यानं सांगितलं की देवाचं काम काटा बरोबर आला तिथं झालं, देवानं आपलं माप घेतलं. ढेपेची रीत तुमच्या घरची, ती घरच्यांनी बघावी.

म्हणजे सगळं पुन्हा म्हातारीच्या ओंजळीत आलं. ती तशीच उभी राहिली. लेकाकडं बघितलं. त्याचे गाल बसलेले, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. मग सुनेच्या पसरलेल्या हाताकडं. "तुला गोड आवडत न्हाई," ती म्हणाली.

"नाही आवडत."

"ढेप लई मोठी आसती."

"असू दे."

मंजुळाबाईनं गूळ तिच्या तळहातावर ठेवला. राग होता की हार होती, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. कस्तुरानं तो सगळ्यांदेखत खाल्ला आणि सयाजीच्या पाया पडली.

ढेप पिंपळे गुरवला आली आणि कस्तुरानं खायला सुरुवात केली. सकाळी भाकरीबरोबर, दुपारी नुसता, संध्याकाळी दिवा लावल्यावर. तिला गुळाच्या वासानं मळमळायला लागलं. एकदा तर घास उलटून आला. तिनं चूळ भरली, देवाची माफी मागितली आणि तेवढाच खडा पुन्हा फोडून घेतला. सयाजी समोर बसून कोरडी भाकरी खायचा आणि म्हणायचा, "कुणाची शिक्षा कुणाला बघ." ती म्हणायची, तुम्ही ताटात बघा.

पडवीतल्या नळीचा रंग विटकरीचा नारिंगी झाला, मग पिवळा. मंजुळाबाई अजून तिकडं फिरकत नव्हती. पण सकाळी कस्तुरा पडवीतून आत आली की तिच्या तोंडाकडं निरखून बघायची, आणि काही न विचारता पुन्हा वाती वळायला लागायची. हिरवा झाला त्या दिवशी कस्तुरानं न विचारताच सांगितलं. म्हातारी हूं म्हणाली. जेवायची वेळ झाली. कस्तुरा ढेपेपाशी बसली, खडा फोडला आणि तो हातात घेऊन नुसतीच बघत राहिली. तोंड उघडेना.

मंजुळाबाई भिंतीला धरून उठली, सुनेशेजारी येऊन बसली आणि हात पुढं केला.

"आन हिकडं."

"आत्याबाई, दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो ना?"

"दुसरं कोन हाय? नऊ म्हैनं माज्या पोटात व्हता त्यो. तू सात पावलं चालून त्याची झालीस, आन मी काय परकी हाय व्हय?"

सयाजी हसला, छातीवर हात ठेवून, जपून. मला कुणी विचारतच नाही, म्हणाला. दोघींपैकी कुणीच त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. कस्तुरानं खडा दोन ठिकाणी फोडला.

ढेप त्या दोघींनी संपवली. पावसाळा सरता सरता सयाजी कामावर रुजू झाला, मशीनवर नाही, बसून करायच्या तपासणीच्या कामावर. इस्पितळात दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सूज उतरली आहे, काळीज सांधलं आहे, पण पथ्य जन्माचं. ते कस्तुराला सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या खंडेनवमीला खंडू पेढ्यांचा पुडा पिशवीत घालून सहज घरी आला. कस्तुरा पडवीत होती. मंजुळाबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं त्याला आत येऊ दिलं नाही. आधी पिशवी दाखव, म्हणाली.